बोलण्या-ऐकण्याची पदवी
बारावी विज्ञाननंतर फक्त डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंगच दिसत असेल, तर बीएएसएलपीकडेही पाहा. वाचा आणि श्रवण यांची ही ४ वर्षांची पदवी. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती शिकवली जाते. कान, स्वरयंत्र, मेंदू यांची रचना शिकायचीच, शिवाय ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्रही. खरी कसोटी मात्र ओपीडीत. श्रवणयंत्र बसवलं की काम संपत नाही. कानावर पडणाऱ्या आवाजाचा अर्थ लावायला मुलाला शिकवावं लागतं, आईबाबांनाही. पक्षाघातानंतर शब्द हरवलेल्या आजोबांना नुसतं ‘पाणी’ म्हणायला कित्येक आठवडे लागू शकतात. उतावळ्यांनी इकडे फिरकू नये! आणि हो, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही.