न्यायालय, निवडणूक आणि दाखल्यावरील जात



संस्थेच्या वार्षिक समारंभात मांडलेले विचार स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत, अशी चिटणीसांची सूचना झाली. त्यानुसार हा मजकूर देत आहे. देशाच्या राजकारणात घटनात्मक न्यायालयाचे स्थान काय, हा विषय मोठा आहे. आपण तो भंडारा जिल्ह्याच्या वेशीतूनच पाहू.

न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांचे नाव आपल्या भागातील जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. १९५४ साली ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, तेव्हा आपला जिल्हा त्याच न्यायालयाच्या कक्षेत होता. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश त्यांच्या अध्यक्षतेखालील अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १५ डिसेंबर १९७० रोजी रद्द ठरविला आणि दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना मोठे बहुमत मिळाले व त्याच वर्षी २६ वी घटनादुरुस्ती होऊन तनखे गेलेच. ध्येयाला न्यायालयाची हरकत नव्हती, सरकारने धरलेल्या वाटेला होती. हा भेद आपल्या वर्तमानपत्री चर्चांत बहुधा हरवतो.

आता आपल्या जिल्हा परिषदेकडे वळू. तिची मुदत २०२० साली संपली होती. दरम्यान ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात निकाल दिला की, स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गीयांना सरसकट २७ टक्के जागा देता येणार नाहीत. आधी स्वतंत्र आयोग नेमून मागासलेपणाची पाहणी करा, मग त्या त्या संस्थेपुरते प्रमाण ठरवा, आणि सर्व राखीव जागा मिळून निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. या अटी नव्या नव्हत्या. पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या २०१० सालीच सांगितल्या होत्या. मधल्या अकरा वर्षांत सर्व पक्षांची सरकारे येऊन गेली, पण मोजणी कोणी केली नाही. शेवटी वटहुकूम काढण्यात आला. ६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

भंडाऱ्यात तेव्हा अर्ज भरण्याचे काम चालू होते. १५ डिसेंबरला आदेश झाला की, या राखीव जागा सर्वसाधारण समजून निवडणूक घ्यावी. मतदान सहा दिवसांवर आले होते! मग ५२ पैकी ३९ गटांत २१ डिसेंबरला आणि उरलेल्या १३ गटांत १८ जानेवारी २०२२ रोजी मतदान झाले. तुमसर असो की लाखांदूर, एकाच जिल्ह्याचे मतदार दोन हप्त्यांत मत देत होते. वर्षभर गावोगाव फिरून तयारी केलेल्या कार्यकर्त्याचा राग समजण्यासारखा आहे. परंतु माझ्या मते त्या रागाचा मोठा हिस्सा मुंबईच्या मंत्रालयाकडे जावयास हवा होता.

न्यायालयालाही मी निर्दोष म्हणणार नाही. बांठिया आयोगाचा अहवाल त्याने जुलै २०२२ मध्ये स्वीकारला. ऑगस्टमध्ये 'जैसे थे'चा आदेश झाला. आणि निवडणुका घ्या, असे स्पष्ट फर्मान निघाले ६ मे २०२५ रोजी. इतका काळ राज्यातील कित्येक नगरपालिका व जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. न्यायाला लागलेला विलंब येथे लोकशाहीच्या खाती पडला.

न्यायालयाने दार उघडे ठेवावे आणि राजकारणाने ते लोटून घ्यावे, असेही घडते. २०१४ साली राज्य सरकारने वटहुकूमाने मुस्लिमांतील मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिले. १४ नोव्हेंबर २०१४ च्या अंतरिम आदेशात मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षण रोखले, पण शिक्षणातील चालू ठेवण्यास मोकळीक दिली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्याचा कायदा झाला नाही. वटहुकूम आपोआप संपला. त्या वेळी न्यायालयाला दोष देणारे आपलेच बांधव मी पुष्कळ ऐकले.

तेव्हा वाचकहो, मोजणीचा प्रश्न आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो. मोमीन, पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी यांसारख्या जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात. आरक्षित जागांवर त्यांचाही हक्क आहे. बांठिया आयोगाच्या कामात आडनावांवरून जात ठरविली जाते, अशी तक्रार २०२२ साली झाली होती. शेख, खान, पठाण या आडनावांवरून कोणती जात ओळखणार? विणकराचा नातूही शेख आणि जमीनदाराचा नातूही शेख! आडनावाच्या मोजणीत आपला मागास माणूस दिसेनासा होतो.

शाळेच्या दाखल्यातही तेच होते. जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. प्रवेशाच्या घाईत कारकून विचारीत नाही, बापही सांगत नाही. दहा-बारा वर्षांनी मुलीला जातीचे प्रमाणपत्र हवे असते, तेव्हा तहसील कचेरीत तोच रकाना आडवा येतो. इस्लाममध्ये जात नाही, हे खरेच. पण सरकारी रकाना श्रद्धा विचारीत नसून सामाजिक स्थिती विचारतो, हे मौलवीसाहेबांनीही जुम्याच्या नमाजानंतर दोन शब्दांत सांगितले तर बरे होईल.

२०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे केंद्राने २०२५ साली जाहीर केले आहे. इतर मागासवर्गासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तेव्हा आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुने खरेदीखत, जे पेटीत असेल ते बाहेर काढा आणि मुलाचे नाव घालायला येताना सोबत आणा. मूल शाळेत असेपर्यंत नोंद दुरुस्त करणे त्यामानाने सोपे असते. शाळा सोडल्यावर फार हेलपाटे पडतात.