किल्ली कुणाजवळ?

आमच्या अम्मीच्या कमरेला पेटीची किल्ली असायची. पैसे तिचे, किल्लीही तिचीच. इंटरनेटवरच्या व्यवहारात तिची जागा ओटीपीनं घेतली. ऑनलाइन कार्ड वापरताना जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. काही बँकांनी ग्राहकांना खिशात मावणारी यंत्रं दिली होती. बटण दाबलं की आकडे उमटायचे, मोबाइलला रेंज असो-नसो. आमच्या आसेगावकडे रेंज पावसासारखी, आली तर आली. म्हणून मला ते यंत्र आवडलेलं.

पण मजूर बायांची किल्ली म्हणजे बोट. आधार जोडलेलं खातं असलं की बँकमित्राच्या यंत्रावर बोट टेकवायचं, पैसे हातात. तालुक्याची खेप वाचते, ही सोय मोठीच. मात्र कापूस वेचून झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येत नाहीत. माझ्या आपाची चार बोटं नापास झाली, पाचवं लागलं. रक्कम किती टाकली, ते तिला वाचता येत नाही.

ओटीपी फुटला तर दुसरा मागवता येतो. बोट दुसरं कुठून आणणार? आधारमधले बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात, हे मी आपाला सांगितलं.

‘‘और खोलना कैसे?’’

नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हटलं. तो मोबाइल तिच्या लेकाजवळ, पुण्याला.