गायन पार्टीच्या पाठीमागची माणसं

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांना वंदन करून मी दोन शब्द बोलणार आहे. दोन शब्द म्हणतो खरं, पण म्हातारा माणूस आहे, चार जास्त झाले तर सांभाळून घ्या.

समितीची मुलं घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही गायन पार्टीत होता, जुन्या गायकांबद्दल बोला." मी म्हटलं, बाबांनो, मी गायक नव्हे. मी खंजिरी वाजवली आणि पार्टीची वही सांभाळली. माईक माझ्या तोंडासमोर आज पहिल्यांदा आला आहे. गायकांबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोललंच पाहिजे. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावं आपल्या पोराबाळांना पाठ आहेत. मी आज जे बोलणार आहे ते स्टेजच्या खाली उभ्या असलेल्या माणसांबद्दल.

आमच्या पार्टीत स्टेजवर आठ जण बसायचे. मुख्य गायक, पेटी, ढोलकी, बेंजो, तीन कोरसवाले आणि खंजिरीवर मी. पण कार्यक्रम उभा राहायला आठ माणसं पुरत नाहीत. मी वहीवरून एकदा मोजलं, तर एका रात्रीच्या कार्यक्रमाला तेवीस माणसांचा हात लागला होता. उरलेले पंधरा कोण? त्यांची नावं कुठल्याही हँडबिलावर नाहीत.

पहिला माणूस सांगतो. आमचे गायक गिरणीत होते. गिरणीत तीन पाळ्या. जयंतीचा हंगाम सुरू झाला की १४ एप्रिलपासून मे संपेपर्यंत रोज कुठे ना कुठे सुपारी. रात्रपाळी लागली की गाणं बंद! खाडा केला तर पगार कापला जातो, दोन-तीन खाडे झाले तर मुकादमाचं बोलणं. मग त्यांच्याच खात्यातला एक साचेवाला पाळी बदलून द्यायचा. दोन महिने सलग रात्रपाळी केली त्यानं, एका वर्षी नाही, कितीतरी वर्षं. तो स्वतः सुरात शिट्टीसुद्धा वाजवू शकत नव्हता. आणि कार्यक्रम रात्री, हा त्याच वेळी साच्यावर उभा, म्हणजे त्यानं आमचा जयंतीचा कार्यक्रम कधी ऐकलाच नाही. मी एकदा विचारलं, "दादा, तुला वाईट नाही वाटत?" तो म्हणाला, "सकाळी नळावर बाया तेच गाणं म्हणत असतात, तेव्हा ऐकतो की."

दुसरी गोष्ट ढोलकीची. ढोलकीला पावसाळा सोसत नाही हे वाजवणारांना माहीत आहे. हवा दमट झाली की पुडी ढिली पडते, सूर उतरतो. मग तिला शेकावी लागते. आमच्या ढोलकीवाल्याच्या शेजारच्या खोलीत एक आजी राहायच्या. कार्यक्रमाला निघण्याआधी ढोलकी त्यांच्याकडे जायची. रॉकेलचा स्टोव्ह अगदी बारीक ठेवून, हातभर अंतरावर धरून, फिरवत फिरवत शेकायच्या. जवळ नेली तर कातडं तडकतं, लांब धरली तर उपयोग नाही. रॉकेल रेशनचं, ते पण मोजून मिळायचं, त्यातलं त्या आमच्या ढोलकीसाठी जाळायच्या. शेकून झाली की बोटानं टिचकी मारून म्हणायच्या, "जा घेऊन, लागली." मी शपथेवर सांगतो, पेटीवाला त्या टिचकीवर विश्वास ठेवायचा.

महिला मंडळाच्या भगिनी हसताहेत. हसा, पण तुमच्याबद्दलच बोलायचं आहे. आपली खोली केवढी, तर दहा बाय सोळाची. एका मजल्यावर वीस खोल्या, एका इमारतीत ऐंशी. अशा खोलीत आठ पुरुष तालीम करणार म्हणजे घरातल्या बाईनं लेकरांना घेऊन गॅलरीत बसायचं. अकरा-अकरा वाजेपर्यंत. पोरं तिथंच झोपायची. आणि वर चहा. माझ्या वहीत चहापत्तीचा खर्च एकदाही लिहिलेला नाही, कारण तो पार्टीच्या पैशातून कधी झालाच नाही. तो त्या बायांच्या डब्यातून झाला. हिशेब मी चोख ठेवला म्हणून लोक माझं कौतुक करायचे, पण खर्चाचा मोठा भाग वहीत आलाच नव्हता हे मला फार उशिरा समजलं.

बायांचं आणखी एक काम होतं. नवीन गाणं बांधलं, चाल बसवली, की पहिली परीक्षा गॅलरीत. दुसऱ्या दिवशी कपडे धुताना, धान्य निवडताना बायांच्या तोंडी गाणं आलं तर ते चालणार. नाही आलं तर आमचे गायक ते गाणं बाजूला ठेवायचे. एकदा एका कडव्यात फार जड शब्द घातले होते. एक वहिनी सरळ म्हणाल्या, "भावजी, हे भाषण आहे, गाणं नाही." कडवं बदललं. कोणी बदलवलं म्हणून विचाराल तर उत्तर वहीत नाही.

खेड्यात तर बायांनी स्वतःच रचलं. जात्यावर बसून बाबासाहेबांवर ओव्या रचल्या, रमाईवर रचल्या, धम्मावर रचल्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव माणसं पाठवून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. त्यात आपल्या भीमाच्या ओव्याही आहेत. २०१७ सालापासून 'पारी' या संस्थेनं त्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली. मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट कोणती वाटते? ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव लिहिलं आणि गाव लिहिलं. एवढी साधी गोष्ट! पण ती कुणीतरी करावी लागते.

आता थोडं मागे जाऊ. १९३०च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे सुरू केले. तमाशाचाच साज घेतला, पण आत विचार भरला. शाळेत जा, मेलेलं ढोर ओढू नका, दारू सोडा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला सभेतलं भाषण जेवढं कळत नव्हतं तेवढं जलशातल्या बतावणीतून कळायचं. भीमरावांनी पुढे त्या जलशांवर स्वतः पुस्तक लिहिलं, म्हणून त्यांच्या सोबत्यांची आठवण शाबूत राहिली. ज्या जलशांतल्या कुणी लिहून ठेवलं नाही, ते जलसे आज नुसते "असे अनेक जलसे होते" एवढ्या वाक्यात उरले.

वामनदादांचंच बघा. १५ ऑगस्ट १९२२चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत होते. एका माणसानं त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितलं, आणि दादांना वाचता येत नव्हतं. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. मग समता सैनिक दलातल्या एका गुरुजींनी त्यांना अक्षरओळख करून दिली. ३ मे १९४३ला त्यांनी पहिलं गीत लिहिलं आणि पुढे १५ मे २००४ला जाईपर्यंत हजारो लिहिली. दादा आपल्या सर्वांचे. पण संध्याकाळी कामावरून थकून आल्यावर पाटी घेऊन बसणारे ते गुरुजी, आणि वाचायला पत्र पुढे करणारा तो माणूस, यांना आपण कितीदा आठवतो?

आता जे सांगणार आहे ते मला सोपं नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. आमच्या पार्टीतले सहा जण त्यात होते. सुपाऱ्या कमी झाल्या, कारण वर्गणी देणारेच घरी बसले. पेटी गहाण पडली. ती सोडवली कुणी, तर मघाशी सांगितलेल्या त्याच आजींनी आणि गॅलरीतल्या सात-आठ बायांनी. भिशीचा पहिला नंबर पेटीला दिला. घरात पीठ नसताना! हे वहीत आहे, माझ्याच अक्षरात आहे, पण नावं नाहीत. "महिलांकडून" एवढंच लिहिलं आहे मी.

त्यानंतर काही वर्षांनी कॅसेटचा जमाना आला. आमच्या गायकांना एका कंपनीनं बोलावलं. दोन गाणी आमच्या चाळीतल्या एका कामगाराची होती. रंगखात्यात काम करणारा माणूस, बोटं कायम निळी-हिरवी. लिहायचा सुंदर. टोपणनाव नाही, शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायची सवय नाही. कंपनीच्या माणसानं कव्हरसाठी नावं मागितली. गायकांनी मला सांगितलं, "तू लिहून दे, तुझं अक्षर बरं आहे." मी गायकाचं नाव लिहिलं, पार्टीचं लिहिलं, वाजवणाऱ्यांची लिहिली. खंजिरीवाल्याचं सुद्धा लिहिलं! गीतकाराच्या जागी मी काही लिहिलं नाही. आकस नव्हता. गाणं चाळीतलं आहे, सगळ्यांचं आहे, असं मनात धरलं. कॅसेट निघाली. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गाळ्यांवर लागली, गाजली. त्या माणसानं स्वतःच्या पैशानं दोन विकत घेतल्या. मला भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "चाल बरी बसली." कव्हर हातात होतं त्याच्या. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. तो आता हयात नाही.

मागच्या वर्षी त्याची नात माझ्याकडे आली. तिनं मोबाईलवर गाणं लावलं. तेच गाणं, नवीन वाद्यं, आणि गीतकार म्हणून भलत्याच माणसाचं नाव. मुलगी म्हणाली, "आजोबा, हे आमच्या आजोबांचं आहे हे सिद्ध कसं करू?" त्याची स्वतःची गाण्यांची वही होती, मी पाहिलेली. खोली रिकामी करताना ती रद्दीत गेली. पुस्तकं ठेवली, वही जुनी म्हणून काढली. मग मी माझ्या हिशेबाच्या वह्या उपसल्या. तीन दिवस लागले. एक नोंद सापडली. तारीख, त्याचं नाव, गाण्याची पहिली ओळ आणि पुढे "नवीन गाणे, चहा-पान, दोन रुपये". त्या गाण्यावर त्याचा हक्क सांगणारा एवढाच कागद आज जगात आहे. दोन रुपयांचा.

तिच्या ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. गाणं विकलं तरी रचना आपली आहे असं सांगण्याचा लेखकाचा हक्क जात नाही, आणि तो गेल्यावर घरचे लोकही तो मागू शकतात. शब्दांचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. कायदा आहे, पण पुरावा द्यावा लागतो. ती मुलगी लढते आहे. काय होईल मला सांगता येत नाही.

म्हणून समितीपुढे आणि तुमच्यापुढे माझी मागणी आहे. आपल्या इमारती एकेक करून रिकाम्या होताहेत. माळ्यावरच्या ट्रंका खाली येताहेत. त्या उघडल्याशिवाय रद्दीवाल्याला देऊ नका. गाण्याची वही असेल, हँडबिल असेल, वर्गणीचं पावतीपुस्तक असेल, कॅसेटचं नुसतं कव्हर असेल, विहारात आणा. वही तुमचीच राहील, मुलं मोबाईलवर पानांचे फोटो काढून परत देतील. मात्र आणणाऱ्यानं सोबत सांगायचं: कुणी लिहिलं, चाल कुणी लावली, तालीम कुणाच्या खोलीत व्हायची, चहा कोण करायचं. आजी हयात असतील तर त्यांना घेऊन या, जिना चढवत नसेल तर मुलं घरी येतील. खरं सांगायचं तर आधी घरीच जा, कारण त्या स्वतःहून येणार नाहीत. म्हणतील, "मी काय केलं?"

आणि गाणाऱ्या तरुण मुलांना सांगतो, तुम्ही आता रात्रभर गात नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपासून रात्री दहानंतर भोंगा बंद. चांगलं झालं की वाईट ते जाऊ द्या, म्हाताऱ्यांची झोप होते. पण वेळ थोडा आहे म्हणून गाण्याआधी गीतकाराचं नाव घेणं गाळू नका. पाच सेकंद लागतात. नाव माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, दुसऱ्याचं लावू नका.

माझ्या सगळ्या वह्या, एकूण अकरा, मी आज सोबत आणल्या आहेत. मागे पिशवीत आहेत. "महिलांकडून" लिहिलेल्या पानावर मला सात नावं भरायची आहेत. चार मला आठवली आहेत. उरलेल्या तिघी कोण, ते इथं बसलेल्यांपैकी कुणाला माहीत असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा. मी चहाच्या टेबलापाशी थांबतो.

नमो बुद्धाय, जय भीम.