क्षणभराच्या झोताचा माग



आकाशात जवळजवळ रोज एक अशी घटना घडते, की जिचा आपल्याला पत्ताही लागत नाही. तिला गॅमा किरणांचा स्फोट म्हणतात. गॅमा किरण हे प्रकाशाचेच भावंड, परंतु क्ष-किरणांहूनही जोरदार. वातावरण त्यांना अडवते म्हणून आपण सुखाने जगतो. पण म्हणूनच ते पाहायचे तर उपकरण वातावरणाच्या वर न्यावे लागते.

ते नेले गेले, पण वेगळ्याच हेतूने. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत रशिया व ब्रिटन यांच्यात अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. कोणी चोरून अवकाशात स्फोट करते की काय, यावर पहारा ठेवण्यासाठी अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला. तो अणुबाँबचा दिसत नव्हता. लॉस अ‍ॅलमॉसच्या क्लेबेसॅडेल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद जपून ठेवली. पुढे निरनिराळ्या उपग्रहांवर असे झोत पोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरक मोजून, ते पृथ्वीवरचे नाहीत आणि सूर्याचेही नाहीत, असे त्यांनी दाखवले. १९७३ साली अशा १६ स्फोटांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. शत्रूवरच्या संशयातून शास्त्राला हे धन मिळाले, ही गंमतच म्हणायची!

पण झोत येतात किती दुरून? हा प्रश्न पुढे २४ वर्षे अडून राहिला. अंधाऱ्या माळावर कोणी काडी ओढली आणि ती लगेच विझली, अशी कल्पना करा. ती जवळची काडी होती की कोसभरावरची मशाल, हे कसे सांगणार? दुर्बीण वळवावी तोवर सगळे संपलेले. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने २७०४ स्फोट नोंदले. ते आकाशात सर्व बाजूंनी सारखेच विखुरलेले निघाले. तरीही १९९५ साली वॉशिंग्टनच्या जाहीर वादसभेत पाचिन्स्की म्हणत होते की स्फोट विश्वाच्या दूरच्या भागात होतात, आणि लॅम्ब म्हणत होते की ते आपल्याच आकाशगंगेच्या परिसरात होतात. दोघांच्या हाती आकडे तेच होते.

निकाल लागला तो धावपळीने. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी इटली व हॉलंड यांच्या ‘बेपोसॅक्स’ उपग्रहाला सुमारे ८० सेकंदांचा स्फोट दिसला. त्याच्या क्ष-किरण कॅमेऱ्याने जागा बरीच नेमकी सांगितली. जमिनीवरच्या मंडळींनी सुमारे आठ तासांत उपग्रह त्या जागेकडे वळवला. तेथे क्ष-किरणांची धग अजून शिल्लक होती! अ‍ॅमस्टरडॅमच्या फान पाराडाइस यांच्या गटाने, ज्यात ग्रूट व खालामा हे संशोधन करणारे विद्यार्थी होते, ला पाल्मा बेटावरील दुर्बिणीतून २१ तासांच्या आत त्या जागेचे छायाचित्र मिळवले. ८ मार्चला पुन्हा घेतले. पहिल्या चित्रातला एक ठिपका दुसऱ्यात जवळपास विझला होता. विझता निखारा सापडला होता. त्याच वर्षी मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाच्या निखाऱ्याचा प्रकाश हवाईच्या केक दुर्बिणीने तपासला, तेव्हा तो सुमारे ७०० कोटी वर्षे वाट चालून आला असल्याचे दिसले. पाचिन्स्की जिंकले.

मग आठ तास तरी का दवडा? २००४ साली सोडलेल्या ‘स्विफ्ट’ उपग्रहावर शिशाच्या हजारो तुकड्यांची चाळणी बसवली होती. चाळणीची सावली कशी पडली, यावरून दिशा कळे आणि मिनिट-दीड मिनिटात उपग्रह आपण होऊन तिकडे वळे. जागेची सूचना काही सेकंदांत जगभर जाई. ती कोणा एका देशाच्या कुलपात ठेवलेली नसे, हे मला फार मोलाचे वाटते. लांबलेले स्फोट बहुधा अवजड ताऱ्यांच्या मृत्यूचे असतात, हे अशाच पाठलागातून कळले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची गुरुत्वलहर आली आणि १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाला आखूड झोत दिसला. आखूड स्फोटांचे एक मूळ असे हाती आले.

पालकहो, हे सारे परदेशातच चालते असे समजू नका. २०१५ साली सोडलेल्या भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरही चाळणीचे असेच उपकरण बसवले गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा व पुण्याच्या आयुकाचा त्यात मोठा वाटा आहे, आणि त्याने शेकडो स्फोट नोंदले. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ तबकड्या उभ्या आहेत. स्फोटाचा निखारा डोळ्याआड झाल्यावरही रेडिओ लहरींत महिनोन्‌महिने धुमसतो, तो तेथे ऐकता येतो. तुमची मुलगी भौतिकशास्त्र घेते म्हणाली, तर सुट्टीत एकदा तिला खोडदच्या रस्त्याने घेऊन जा. त्या तबकड्या दुरूनही दिसतात.

लडाखमध्ये हानले येथे ७० सेंटिमीटरची एक दुर्बीण आहे. पवईची आयआयटी व बंगळूरची खगोलभौतिकी संस्था यांनी ती उभारली. उपग्रहाची सूचना आली की तिचे तोंड त्या जागेकडे वळवतात. सूचना रात्री दोनला आली, तर रात्री दोनलाच.