ओढ्यांतील कवचधारी जीव आणि त्यांचे जतन



आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. जिल्ह्यातील डोंगराळ भागात उगम पावणारी कडम नदी कुंटाला येथे सुमारे ४५ मीटर उंचीवरून कोसळून पुढे गोदावरीस मिळते. या नद्यांना येऊन मिळणारे ओढे-नाले ही जिल्ह्याची जलसंपत्ती होय. तिचा विचार करताना सिंचन व मासळी यांचा उल्लेख सर्वत्र होतो; परंतु दगडाखाली राहणारा खेकडा आणि पाणवनस्पतींत दडणारा झिंगा यांच्याकडे फारसे लक्ष जात नाही. बाजारहाटात आणि गरिबांच्या घरी ज्यांना स्थान आहे, अशा या जिवांचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे.

जगातील अनेक देशांच्या नद्यांत ‘क्रेफिश’ नावाचा प्राणी आढळतो. समुद्रातील शेवंडीचेच हे गोड्या पाण्यातील लहान भावंड. त्याच्या सहाशेहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक उत्तर अमेरिकेत व शंभराहून अधिक ऑस्ट्रेलियात आहेत. मादागास्कर बेटावरही त्याच्या स्वतंत्र जाती आहेत. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आणि भारतात मात्र तो मूळचा नाही. आपल्याकडे ओढ्याच्या तळाशी साचलेला पालापाचोळा व मृत जीव खाऊन पाणी स्वच्छ ठेवण्याचे आणि बगळे, खंड्या व पाणमांजर यांना अन्न पुरविण्याचे त्याचे कार्य खेकडे व झिंगे करतात.

या दोघांचे कुळ एक असले तरी जीवनक्रम भिन्न आहे, आणि जतनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. गोड्या पाण्यातील खेकड्याची मादी पोटाखालच्या रुंद झाकणात अंडी सांभाळते. अंड्यांतून तरंगणाऱ्या अळ्या न निघता थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात आणि काही काळ आईच्या पोटाशीच राहतात. परिणामी खेकड्याचा वंश फार दूर पसरत नाही. एखाद्या ओढ्यातील खेकडे नष्ट झाले, तर दुसऱ्या खोऱ्यातून ते सहज येऊन ती जागा भरून काढतील, असे समजणे चुकीचे ठरेल. दख्खनच्या पठारावर ‘बॅरिटेल्फुसा’ या गटातील खेकडे सामान्यतः आढळतात. औरंगाबाद येथील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, मराठवाडा विद्यापीठात या खेकड्यांवर व नदीतील झिंग्यांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

झिंग्याच्या काही लहान जाती जन्मभर गोड्या पाण्यातच राहतात. परंतु गोदावरीचा प्रसिद्ध मोठा झिंगा, ज्याचे शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, हा प्रवासी आहे. त्याच्या पिलांना सुरुवातीचे काही आठवडे मचूळ पाणी लागते. त्यासाठी अंडी धारण केलेली मादी प्रवाहाबरोबर नदीमुखाकडे जाते व वाढलेली पिले प्रवाहाविरुद्ध वर चढतात. पैनगंगेपर्यंत यावयाचे, तर त्यांना गोदावरी, प्राणहिता व वर्धा असा मार्ग आक्रमावा लागतो. त्या मार्गावर १८५२ मध्ये धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण झाला. पुढे दुम्मुगुडेमचा बंधारा झाला आणि २०१९ मध्ये मेडिगड्डाचा बंधारा उभा राहिला. बंधाऱ्यांनी शेतीस पाणी दिले हे खरेच. परंतु जेथे झिंग्याला चढण्यास वाट नाही, तेथे वरच्या नदीतील त्याची पैदास आपोआप होत नाही. तेलंगण शासनाने जलाशयांत मत्स्यबीजाबरोबर झिंग्याचे बीजही सोडण्याचा उपक्रम हाती घेतला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येईल.

बंधाऱ्यांचा प्रश्न गावाच्या हातातील नाही. पण दुसरा धोका गावातच निर्माण होतो. आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा आहे. खेकडा, झिंगा आणि कपाशीवरील कीड हे तिन्ही संधिपाद वर्गातील प्राणी असल्याने कीड मारणारे औषध झिंग्यालाही मारते. त्यातही पायरेथ्रॉइड गटातील औषधे अत्यल्प प्रमाणातही कवचधारी जिवांना घातक ठरतात. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, रिकामा डबा डोहात फेकला, तर हानी होते ती अशी. मासळीसाठी डोहात मुद्दाम विष कालविणे हे तर सर्वांत वाईट. एका संध्याकाळच्या कालवणासाठी पुढील कित्येक वर्षांची पैदास संपते आणि तेच पाणी गुरे पितात. मासे मारण्यासाठी विष व स्फोटके वापरणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच दंडनीय ठरविले होते, यावरून हा अपराध किती जुना व किती गंभीर आहे हे दिसून येते.

परदेशातील अनुभवही बोधप्रद आहे. १८६० च्या सुमारास इटलीत बुरशीसारख्या एका जंतूचा रोग प्रथम दिसून आला. हा जंतू अमेरिकन क्रेफिशच्या अंगी असतो. त्या क्रेफिशला तो सोसतो, परंतु युरोपातील क्रेफिश त्यामुळे नदीच्या नदी साफ होईपर्यंत मेले. शोभेच्या टाकीतून पसरलेल्या संगमरवरी क्रेफिशची मादी तर नराविना प्रजा वाढविते. एक मादी पाण्यात सुटली तरी पुरे. म्हणून टाकीतला कोणताही परदेशी जीव ओढ्यात वा तलावात सोडू नये.

उपाय कठीण नाहीत. पहिल्या पावसानंतर खेकडे धरताना पोटाखाली अंडी वा पिले असलेली मादी सोडून द्यावी. तिचे झाकण रुंद व नराचे अरुंद असते, हे लहान मूलही ओळखू शकते. फवारणीचा पंप शेतातच धुवावा. उन्हाळ्यात टिकणारा गावाचा एखादा डोह सर्वानुमते राखून ठेवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या ओढ्यातील जिवांची पाहणी करवावी. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार ठेवावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तिचा समावेश व्हावा, याकडे ग्रामपंचायत व अधिकारी यांनी लक्ष द्यावे.

बीज बाहेरून आणता येते. पण ओढ्याचे पाणी निर्विष ठेवण्याचे काम त्याच्या काठी राहणाऱ्यांनाच करावे लागते. सोडलेली एक मादी म्हणजे पुढच्या वर्षीचे शेकडो खेकडे, हे प्रत्येक गावाने लक्षात ठेवावे.