मालमोटारीचा सारथी

शहरांतील घरीं सकाळीं येणारें दूध, भाजी, धान्य आणि औषधें यांपैकीं पुष्कळ वस्तु रात्रभर मालमोटारींतून प्रवास करून आलेल्या असतात. त्या कोणी आणल्या, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मालमोटार विकत घेतांना मालक दहा वेळां हिशेब करतो. यंत्र पाहतो, चाकें पाहतो, कर्जाचे हप्ते मांडतो. पण ती ज्याच्या हातीं द्यावयाची, तो मनुष्य निवडतांना ओळखीच्या एका शब्दावर काम भागतें. गाडी, परक्याचा माल आणि वाटेवरच्या लोकांचे प्राण हीं तीन्ही ज्याच्या स्वाधीन करावयाचीं, त्याची पारख इतक्या उतावळेपणानें व्हावी, हें उचित नव्हे.

कायद्याची अपेक्षा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें माल वाहणारी मोटार चालविणाऱ्यानें वयाचीं २० वर्षें पुरीं केलेलीं असावीं लागतात. हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असल्यावांचून त्यास अशा मोटारीचा शिकाऊ परवानाहि मिळत नाहीं. ७,५०० किलोपर्यंतचें मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवितां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं दिला. त्याहून जड मोटारीस मात्र त्या वर्गाचाच परवाना हवा. आठवी इयत्तेची जुनी अट २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. त्यामुळें शाळा अर्धवट राहिलेल्या, पण हातीं कसब असलेल्या मनुष्यास दार उघडें झालें, आणि पारख करण्याचा भार मालकावर अधिक पडला.

म्हणून पहिलें काम परवाना तपासण्याचें. कागदाच्या नकलेवर विसंबूं नये. सरकारच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर त्याचा वर्ग आणि मुदत पडताळून पाहावी. पेट्रोल, वायु किंवा रसायनें न्यावयाचीं असल्यास त्यासाठीं लागणारें वेगळें शिक्षण व शेरा आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. परवाना नसलेल्याच्या हातीं गाडी देणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. शिवाय मालकाचीच हयगय सिद्ध झाली, तर विमा कंपनी अपघातग्रस्तांस दिलेली भरपाई त्याच्याकडून वसूल करूं शकते.

परंतु परवाना म्हणजे कसब नव्हे. खरी परीक्षा भरलेल्या गाडीनिशीं घाटांतच होते. कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा घाट उतरतांना जाणता चालक उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालतो आणि यंत्राच्याच ओढीनें वेग आवरतो. अजाण किंवा लोभी चालक चार थेंब डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडतो. मग सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि ऐन वेळीं पकड सोडतात. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे जाणाऱ्या उतारावर अशा बेताल झालेल्या अवजड गाड्यांनीं वारंवार अनर्थ केला आहे. उमेदवारास नोकरीवर घेण्यापूर्वीं त्याच्या शेजारीं जुना, अनुभवी चालक बसवून असा एक उतार उतरवून घ्यावा. माल बांधणें, चाकांतील हवा पाहणें आणि आरशाचा उपयोग यांतूनहि मनुष्य कळतो. डोळ्यांची तपासणी तर अवश्यच करवावी.

एवढें करूनहि अर्धेंच काम होतें. चांगला चालक मिळाला आणि त्यास दोन रात्री झोपूं दिलें नाहीं, तर तो वाईटच चालक ठरतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें सामान्यतः दिवसाचे आठ तास काम, आणि सलग पांच तासांनंतर निदान अर्धा तास विसांवा, असें माप घालून दिलें होतें. तें माप मनुष्याच्या देहाचा स्वभाव ओळखून ठरविलेलें होतें. लांबच्या खेपेस दुसरा चालक देणें, पगार वेळेवर देणें, आणि उशीर झाला म्हणून पैसे न कापणें, याला खर्च म्हणण्यापेक्षां विमाच म्हणावें.

माल मागविणाऱ्या गृहस्थाचाहि यांत वांटा आहे. ‘उद्यां सकाळींच पाहिजे’ हा त्याचा हट्ट व्यापाऱ्याकडून मालकाकडे आणि मालकाकडून चालकाच्या जागरणाकडे पोंचतो. एक दिवस थांबण्याची तयारी ठेवली, तर त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाच्या तरी घरचा मनुष्य सुखरूप परत येतो.