शास्त्रज्ञ सैनिक असतो का?

(शहाण्णवच्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. ओघात राहून गेलेले एक-दोन तपशील लिहून काढताना घातले आहेत.)



संयोजकांनी फोन केला तेव्हा त्यांना वाटलं होतं, ही सॉफ्टवेअरमधली, म्हणजे ‘एआयमुळे मुलांच्या नोकऱ्या जातील का’ यावर बोलेल. त्यावर बोलणारे आता प्रत्येक सोसायटीच्या गणेशोत्सवात मिळतात. मी ठरवलं, जूनमध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद पेटला आणि ॲडमिनने ‘इथे फक्त वाढदिवस आणि शुभेच्छा’ असा फतवा काढून विझवला, तोच पुढे न्यायचा. इथे ॲडमिन मला म्यूट करू शकत नाही.

वाद कशावरून होता ते सरांसाठी सांगते. १३ जून २०२५ च्या पहाटे इस्राएलने इराणवर हल्ला केला. त्यात लष्करी अधिकारी मारले गेले, तसेच अणुशास्त्रज्ञही, आणि त्यातले बरेच जण आपापल्या राहत्या घरात. आपल्यातल्या एकाने लिहिलं, ‘बरं झालं, बॉम्ब बनवत होते.’ दुसरीने लिहिलं, ‘हा सरळ खून आहे.’ मग जे व्हायचं ते झालं.

मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत म्हणून आधी शब्दांचं बोलते. असुराचा आपण ‘वध’ करतो. आपल्या माणसाची ‘हत्या’ होते. कोर्टात ‘खून’ असतो. वर्तमानपत्रात शत्रूचा ‘खात्मा’ होतो, नाहीतर त्याला ‘कंठस्नान’ घातलं जातं. म्हणजे क्रियापद निवडलं की निकाल लागला, पुढे चर्चा कशाला? इंग्रजीतला ‘टार्गेटेड किलिंग’ हा शब्द तर ऑपरेशन थिएटरसारखा स्वच्छ, निर्जंतुक. मी आज नुसतं ‘ठरवून मारणं’ म्हणणार आहे. एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशातल्या एका विशिष्ट माणसाचं नाव, पत्ता, गाडी शोधून त्याला मारणं.

आता कायदा. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेलं नागरिकशास्त्र आठवतं ना? त्यात संयुक्त राष्ट्रांचा धडा होता. त्या सनदेत एक कलम सांगतं की दुसऱ्या देशावर बळ वापरायचं नाही, आणि कलम ५१ सांगतं की सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे. ठरवून मारणारा प्रत्येक देश या ५१ व्या कलमाच्या दारातून आत शिरायला बघतो. हल्ला अजून झालेला नसेल तर ‘होणारच होता’ म्हणतो. त्यासाठीची जुनी कसोटी १८३७ च्या ‘कॅरोलाइन’ नावाच्या बोटीच्या प्रकरणातून आली. ब्रिटिशांनी ती अमेरिकन बोट जाळली, त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेब्स्टर यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा की धोका इतका तातडीचा हवा, की विचाराला क्षणभर उसंत नाही आणि दुसरा मार्गही नाही. महिनोन्महिने पाळत ठेवून, गाडीचा रस्ता पाठ करून केलेल्या कामाला ही कसोटी कशी लागू होते, हे मला अजून कोणी नीट समजावलेलं नाही.

दुसरा भाग युद्धाच्या कायद्याचा. युद्ध चालू असेल तर शत्रूचा सैनिक झोपेत असला तरी त्याला मारणं कायद्यात बसतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण तसं आहे. नागरिकाला मात्र मारता येत नाही. तो स्वतः लढाईत प्रत्यक्ष भाग घेत असेल तरच, आणि तेवढ्या वेळापुरतंच. युद्ध नसेल तर तेही नाही. तेव्हा पोलिसांचा नियम लागतो, की जीव घेणं हा अगदी शेवटचा उपाय. म्हणून पहिला प्रश्न, युद्ध आहे की नाही? आणि गोची इथेच आहे. इस्राएल आणि इराण, अमेरिका आणि इराण, ही मंडळी वर्षानुवर्षं मधल्या अवस्थेत राहिली. ज्या दिवशी सोयीचं त्या दिवशी युद्ध, नाहीतर शांतता.

कासिम सुलेमानीचं उदाहरण घेऊ. ३ जानेवारी २०२० ला बगदाद विमानतळाबाहेर अमेरिकन ड्रोनने त्याला मारलं. त्याच्यासोबत अबू महदी अल-मुहांदिस हा इराकी सशस्त्र गटांचा म्होरक्याही गेला. ‘मुहांदिस’ म्हणजे इंजिनियर, हे कळलं तेव्हा मला उगीचच दचकायला झालं. सुलेमानी गणवेशातला सेनाधिकारी होता आणि त्याने उभ्या केलेल्या टोळ्यांनी अनेकांचे प्राण घेतले होते. त्याच्यासाठी मला अश्रू ढाळायचे नाहीत. पण अमेरिकेचे नेते जाहीरपणे ‘तातडीचा धोका’ म्हणत होते आणि सुरक्षा परिषदेला पाठवलेल्या पत्रात भर होता आधी झालेल्या हल्ल्यांवर. ज्या इराकच्या भूमीवर हे झालं त्याची परवानगी नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ आग्नेस कालामार यांनी त्याच वर्षी अहवालात हे कृत्य बेकायदा ठरवलं, कारण तातडीच्या धोक्याचा पुरेसा पुरावा समोर आला नव्हता. अमेरिकेने अहवाल झिडकारला. विषय संपला.

संपला कुठे म्हणा. ८ जानेवारीला इराणने इराकमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि प्रतिहल्ला येईल या धास्तीत असलेल्या त्यांच्याच हवाई संरक्षण दलाने तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. १७६ माणसं, सगळी गेली. ‘एकच माणूस मारला, युद्ध टळलं’ हा हिशोब मांडणाऱ्यांच्या वहीत हे १७६ कुठे लिहिलेले असतात?

सुलेमानी निदान सैनिक होता. मला खरं बोलायचं आहे ते दुसऱ्या यादीबद्दल. २०१० ते २०१२ या काळात तेहरानमध्ये चार शास्त्रज्ञ मारले गेले. माजिद शहरियारीच्या गाडीला मोटारसायकलस्वाराने बॉम्ब चिकटवला. दारियूश रेझाईनेजाद पस्तीस वर्षांचा, इलेक्ट्रिकलवाला. त्याला घराजवळ गोळ्या घातल्या, तेव्हा बायको आणि लहान मुलगी सोबत होती. मुस्तफा अहमदी रोशन केमिकल इंजिनियर, नतांझच्या प्रकल्पात काम करणारा. त्याच्याबरोबर ड्रायव्हरही गेला. शहरियारी गेला त्याच दिवशी फरेदून अब्बासी नावाचा शास्त्रज्ञ अशाच बॉम्बमधून वाचला होता. तो गेल्या जूनमध्ये मारला गेला. पंधरा वर्षं यादीतलं नाव पुसलं गेलं नव्हतं.

आणि २७ नोव्हेंबर २०२० ला मोहसिन फखरीजादेह, इराणच्या अणुकार्यक्रमातलं सर्वांत मोठं नाव. न्यूयॉर्क टाइम्सने नंतर दिलेल्या वृत्तानुसार रस्त्याकडेला उभ्या केलेल्या पिकअपमध्ये मशीनगन होती आणि ती चालवणारा हजार मैलांहून लांब बसला होता. चित्र उपग्रहातून जायला आणि हुकूम परत यायला १.६ सेकंद लागत होते. तेवढ्यात गाडी पुढे जाणार, बंदूक धक्क्याने हलणार, त्याची भरपाई सॉफ्टवेअर करत होतं. शेजारी बसलेली बायको वाचली.

आमच्या कामात याला लेटन्सी म्हणतात. व्हिडिओ कॉल अडकतो ना, तेच. ती भरून काढायचा कोड कोणीतरी लिहिला असेल, रिव्ह्यू झाला असेल, टेस्टिंग झालं असेल. कोणीतरी माझ्यासारखीच, कॉफीचा मग घेऊन. म्हणजे या गोष्टीत बंदुकीच्या दोन्ही टोकांना इंजिनियर आहेत. आता सांगा, त्यातला सैनिक कोण?

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २००९ मध्ये या प्रश्नावर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं, शस्त्रांचं संशोधन आणि उत्पादन हा लढाईतला प्रत्यक्ष सहभाग नव्हे. शस्त्रांच्या कारखान्यावर बॉम्ब पडू शकतो आणि आत काम करणारा तो धोका पत्करतो, पण त्याला घरी गाठून मारता येत नाही. तिथेही काही तज्ज्ञांनी शंका काढली होती, की दुसऱ्या महायुद्धातल्या अणुबॉम्बच्या शास्त्रज्ञांसारखा एखादाच मेंदू युद्धाचा निकाल फिरवणार असेल तर? शंका खोटी नाही. इस्राएलच्या बाजूने विचार केला तर ज्या राजवटीचे पुढारी तुमचा देश पुसून टाकायची भाषा करतात, तिच्या हाती बॉम्ब जाताना बघत बसायचं का? ग्रुपवर ‘बरं झालं’ लिहिणाऱ्या मित्राचा मुद्दा हाच होता आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही.

पण मग हाच नियम जरा आपल्याकडे आणते. आपल्या बॅचमधल्या काहींचे नातेवाईक अणुशक्तीनगरात राहतात, बसने ट्रॉम्बेला जातात. आपण १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या केल्या. शेजारच्या देशाला आपला बॉम्ब अस्तित्वावरचं संकटच वाटतो. इराणने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली आहे, आपण केलेली नाही, हा फरक मला मान्य. पण ‘जो बॉम्ब बनवतो त्याला घराच्या दारात मारता येतं’ असा नियम एकदा चालू झाला, की तो वापरणारा सही तपासत बसत नाही.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ ला करार केला, की एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही. त्यासाठी दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, तरी याद्या गेल्या आणि आल्या. मैत्री म्हणून नव्हे. दोघांनाही आपापली भीती आहे म्हणून. त्या कराराने माणसांना संरक्षण दिलेलं नाही, प्रकल्पांना दिलं आहे. तरीही शत्रुत्व ठेवून काही गोष्टी न करण्याचं ठरवता येतं, एवढं त्यावरून दिसतं.

उलट बाजूही आपल्या देशात दिसली. अहमदी रोशनच्या गाडीला बॉम्ब चिकटवल्यावर महिनाभराने, १३ फेब्रुवारी २०१२ ला, दिल्लीत पंतप्रधानांच्या निवासापासून जवळच इस्राएली दूतावासाच्या गाडीला मोटारसायकलवरून आलेल्या माणसाने तसाच बॉम्ब चिकटवला. एका राजनैतिक अधिकाऱ्याची पत्नी जखमी झाली; ती मुलांना शाळेतून आणायला निघाली होती. इस्राएलने इराणकडे बोट दाखवलं, इराणने कानावर हात ठेवले. तेहरानच्या रस्त्यावरची पद्धत दिल्लीच्या रस्त्यावर यायला एक महिना पुरला.

आणि उपयोग तरी झाला का? फखरीजादेह गेल्यावर आठवडाभरात इराणच्या संसदेने युरेनियम २० टक्क्यांपर्यंत शुद्ध करण्याचा कायदा केला. पुढच्या एप्रिलमध्ये ते ६० टक्क्यांवर गेले. आणि जे युद्ध टाळायचं म्हणून माणसं टिपली, ते जूनमध्ये झालंच.

तुम्ही विचाराल, मग तुझं मत काय? इस्राएलच्याच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये पॅलेस्टिनी गटांबाबत निकाल दिला, तो मला बराचसा पटतो. ठरवून मारणं सरसकट कायदेशीरही नाही आणि सरसकट बेकायदाही नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं तपासा, असं न्यायालय म्हणालं. माहिती भक्कम हवी, अटक शक्य असेल तर अटक करा, आजूबाजूच्या नागरिकांची हानी प्रमाणाबाहेर नको, आणि नंतर स्वतंत्र चौकशी हवी. १९७३ मध्ये नॉर्वेतल्या लिलहॅमरला इस्राएली हेरांनी एका मोरोक्कन वेटरला दुसराच कोणी समजून गरोदर बायकोसमोर मारलं होतं. त्यातले काही हेर पकडले गेले, खटला चालला, म्हणून तरी चूक उघड झाली. तेहरानच्या रस्त्यांवर मेलेल्यांच्या बाबतीत चौकशी करणार कोण? त्या चौघांना मारल्याचं आणि फखरीजादेहलाही मारल्याचं इस्राएलने अधिकृतपणे कबूलच केलेलं नाही. जे केलंच नाही म्हणता त्याचा पुरावा, त्याची कारणं कोणाला दाखवणार? माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. सुलेमानीच्या बाबतीत अमेरिकेने निदान कारण दिलं, म्हणून कालामारबाईंना ते तपासता आलं आणि अपुरं आहे असं म्हणता आलं. युद्धाबाहेर, घरी निघालेल्या शास्त्रज्ञाला मारणं मला कायद्यातही बसताना दिसत नाही आणि मनातही बसत नाही. ‘बरं झालं’ लिहिणारा मित्र तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि मघापासून हात वर करतो आहे.

सरांकडून वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. त्याचं उत्तर जेवणाच्या पंगतीत ऐकते. मसालेभात संपायच्या आत मात्र यायला हवं.